घरची सलामी : टांगायची की वाफवायची?

‘आई, मला डब्यात सलामी सँडविच देशील?’ असं आमच्या चिरंजीवांनी एका सकाळी विचारलं, तेव्हा सासूबाई पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, ‘सलामी? ती कुणाला द्यायची रे?’ सगळे हसलो. पण त्या दिवसापासून ही सलामी आमच्या घरात जी शिरली, ती पुढे महिनाभर ठाण मांडून बसली. त्याचीच ही हकीगत. शेवटी कृतीही दिली आहे. पण कृपा करून आधीचं वाचल्याशिवाय कृतीकडे वळू नका. का, ते कळेलच.

मित्राच्या वाढदिवसाला त्यानं ही सलामी खाल्ली होती. एक पाकीट आणून पाहिलं. मोजून दहा-बारा पातळ चकत्या, आणि किंमत पाहून डोळे पांढरे व्हायची वेळ! पापड, कुरडया, लोणची, जॅम, सॉस, सगळं घरी करणारी मी. मनात आलं, मांसाच्याच तर चकत्या. घरी का होऊ नयेत? गावातल्या वाचनालयातून परदेशी पाककृतींचं एक पुस्तक आणलं आणि शाळेतून आल्यावर दुपारी रोज वाचू लागले. (मी अर्धा दिवस शाळेत शिकवते, तेव्हा दुपार माझी.)

वाचताना कळलं, की पाकिटात मिळते ती बहुतेक शिजवलेली सलामी. खरी, मूळची सलामी इटलीची, आणि ती शिजवतच नाहीत! नावातच मीठ आहे. इटालियन भाषेत मिठाला ‘साले’ म्हणतात, त्यावरून ‘सलामे’, आणि सलामी हे त्याचं अनेकवचन. ऐन थंडीत डुक्कर मारायचं, मांस आणि पाठीची चरबी चिरून त्यात मीठ, मिरी, लसूण, कधी थोडी वाइन घालायची, आतड्यात ठासून भरायचं आणि तळघरात टांगायचं, अशी तिथल्या शेतकऱ्यांची जुनी रीत. मिलानच्या सलामीत चरबीचे दाणे तांदळाएवढे बारीक. तोस्कानात ‘फिनोक्योना’ म्हणून एक प्रकार, तो चक्क बडीशेप घालून! मोर्तारा नावाच्या गावी हंसाच्या मांसाची सलामी होते. दक्षिणेत कालाब्रियात लाल मिरच्या घालून ‘न्दूया’ करतात. ती इतकी मऊ, की पावावर लोण्यासारखी फासतात.

बडीशेप, लसूण, मिरी, मिरच्या. हे तर सगळं आपलंच! मला भारीच हुरूप आला. डुकराचं मांस आमच्या घरात येत नाही, म्हणून बोकडाच्या मांसावर करायचं ठरवलं. सासूबाई माळकरी. त्यामुळे मटणाची भांडी वेगळी, शेगडी मागच्या पडवीत. तिथेच माझा कारखाना सुरू झाला. किलोभर खिमा, चरबीसकट. मीठ तोलून अठ्ठावीस ग्रॅम. मलमलच्या दोन लांबट पिशव्या शिवल्या, त्यांत खिमा ठासून भरला, सुतळीनं आवळला आणि पडवीच्या वाशाला टांगला. डिसेंबर लागलेला, सावंतवाडीतली सकाळची हवा छान गार. झालंच की तळघर, असं मला वाटलं!

सासूबाई लांबूनच बघत होत्या. म्हणाल्या, ‘मीठ किती घातलंस गं?’

मी माप सांगितलं.

‘कैरीच्या लोणच्याला आम्ही किलोला पाव किलो मीठ घालतो. ती तर कैरी. मांस एवढ्याशा मिठावर टिकेल?’

‘पुस्तकात तसंच आहे हो,’ मी म्हटलं. बी. ए. झालेली सून ती. पुस्तकापुढे दुसरं काही दिसेल कसं?

पुस्तकात तसंच होतं, हे खरं. पण सासूबाईंचा प्रश्नही खराच होता. किलोला पंचवीस-तीस ग्रॅम मिठावर मांस टिकत नाही. त्याच्या जोडीला आणखी राखणदार लागतात, आणि ते माझ्याकडे नव्हते. ते कोणते, हे मला पुढे कळलं. तुम्ही आधीच जाणून घ्या.

पहिला राखणदार मीठ. दुसरा आंबटपणा. इडलीचं पीठ आंबतं तशीच सलामीही दोन-तीन दिवस जरा उबेत ठेवून आंबवतात. त्यासाठी साखर आणि मुद्दाम वाढवलेलं विरजण घालतात. आंबटपणा आला की वाईट जंतूंना जागा उरत नाही. तिसरा कोरडेपणा. आठवड्यामागून आठवडे टांगून ठेवल्यावर सलामीचं वजन सुमारे तिसऱ्या हिश्श्यानं घटतं. पण हे वाळणं आपल्या सांडग्यांसारखं उन्हातलं नव्हे. हवा बारा ते पंधरा अंशांची हवी, आणि तीही दमट! कोरड्या, गरम हवेत वरचा पापुद्रा आधी कडक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. चौथा राखणदार नायट्राइट. पूर्वी यासाठी सोरा घालत. आता अगदी मोजून नायट्राइट घातलेलं खास मीठ वापरतात. सलामीचा तो गुलाबी रंग त्याचाच. पण ते रंगासाठी नसतं, विषाचे जंतू वाढू नयेत म्हणून असतं.

माझी घोडचूक इथेच झाली.

पुस्तकात लिहिलं होतं, ‘पिंक सॉल्ट’. मी दुकानात जाऊन गुलाबी मीठ मागितलं. दुकानदारानं सैंधव दिलं. त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडे गुलाबी मीठ म्हणजे सैंधवच. मी ते घालून मोकळी झाले. विरजण म्हणून घातलं घरचं दही, चमचाभर.

दोन आठवडे झाले. किलोचं वजन सव्वासातशे ग्रॅमवर आलं. वास म्हणाल तर असा सुरेख सुटला होता, लसणाचा आणि मिरीचा, की शेजारच्या बायका विचारून जाऊ लागल्या. नाताळच्या सुट्टीत वन्सं मुलांना घेऊन येणार होत्या. त्यांना मी आधीच कळवून टाकलं, ‘या, घरची सलामी खायला घालते!’ नुसतं दाबून पाहिलं की वरून कडक आणि आत मऊसर लागायचं, एवढंच काय ते खटकत होतं. मी म्हटलं, होईल हळूहळू.

वन्सं यायच्या आदल्या दिवशी शिक्षकखोलीत मी मोठ्या कौतुकानं सगळी कृती सांगत होते. आमच्या विज्ञानाच्या बाई वह्या तपासत होत्या. ‘सैंधव’ शब्द कानावर पडताच त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘अहो, पिंक सॉल्ट म्हणजे सैंधव नव्हे! ते नायट्राइटचं मीठ. साध्या मिठाशी गल्लत होऊ नये, म्हणून त्याला मुद्दाम गुलाबी रंग देतात. खाल्लं का कुणी?’

मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. बोट्युलिझम नावाची विषबाधा असते. ‘बोट्युलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. नावच मुळी त्यावरून पडलं. दोनशे वर्षांपूर्वी, १८२० च्या सुमारास, जर्मनीत युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरांनी (हे गृहस्थ कवीही होते!) घरगुती सॉसेज खाऊन दगावलेल्या माणसांचा बारकाईनं अभ्यास केला. जंतू सापडला तो पुढे, १८९५ साली बेल्जियममध्ये खारवलेलं मांस खाऊन वादकांच्या एका ताफ्याला विषबाधा झाली त्यानंतर. हा जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो. म्हणजे ठासून भरलेल्या खिम्याच्या पोटात त्याचं चांगलंच फावतं. त्याच्या विषानं दृष्टी दुहेरी होते, बोलणं जड होतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडतो. आणि मैत्रिणींनो, त्या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही.

मी अर्ध्या रजेचा अर्ज टाकला आणि तडक घरी आले. पडवीत पाहते तो काय, एका पिशवीचं टोक कापलेलं! स्टुलावर बशी, बशीत नखाएवढी पातळ चकती, आणि चिरंजीव पाव आणायला आत गेलेले. ‘खाल्लीस का?’ मी इतक्या जोरात ओरडले, की ते पोर रडायलाच लागलं. खाल्ली नव्हती. पावाबरोबर खायची म्हणून ठेवली होती. मी मटकन खालीच बसले.

संध्याकाळी हे आले. सगळं ऐकून म्हणाले, ‘एवढं महागाचं मटण! कुकरला लावून शिजवून खाल्लं तर नाही का चालणार?’ तुमच्याही मनात हेच आलं असेल, म्हणून उत्तर देऊन ठेवते. नाही चालणार. बोट्युलिझमचं विष उकळण्यानं नाहीसं होतं हे खरं. पण बिघडलेल्या मांसात दुसऱ्या जंतूंची अशीही विषं असतात, जी शिजवूनही जात नाहीत. शंका आली की टाकायचं. कुत्र्यामांजरालाही घालायचं नाही. मी परसात हातभर खोल खड्डा करून दोन्ही पिशव्या पुरल्या, वर दगड ठेवला, आणि सुरी, पाट, बशी उकळत्या पाण्यानं धुऊन काढली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पैसे गेले, मेहनत गेली, वन्संपुढे नाक कापलं जाणार ते वेगळंच.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता ‘मी सांगितलं नव्हतं?’ येणार. त्या एवढंच म्हणाल्या, ‘लोणचं बिघडलं की नाकाला कळतं. हे नाकाला कळणारं नाही, तर आपल्या हाती कशाला ठेवायचं? बरं केलंस टाकलंस ते.’

आमच्या शेजारी मडगावकडच्या एक आंटी राहतात. त्यांच्या माहेरी गोव्याचं चोरिस घरी करत. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापाशी गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. ‘अगो, ह्या हवेत तसली सलामी कशी होईल? आमचे लोक शिकले पोर्तुगीजांकडून, पण केलं आमच्या हवेला सोसेल तसं.’

पोर्तुगीजांचं ‘शोरीसु’, त्याचं गोव्यात चोरिस झालं. पण किती बदललं पाहा. खिमा नाही, मांसाचे लहान तुकडे. ते आधी मीठ लावून वजनाखाली दडपून ठेवायचे, म्हणजे पाणी सुटून जातं. मग कडक ऊन द्यायचं. मसाल्यात लाल मिरच्या, लसूण, आलं, हळद, मिरी, लवंग, दालचिनी. आणि तो सगळा वाटायचा माडाच्या व्हिनेगरमध्ये, पाण्याचा थेंब नाही. काही दिवस त्यात मुरवून आतड्यात भरायचं, दोऱ्यानं मण्यांसारख्या गाठी मारायच्या, पुन्हा ऊन, आणि मग चुलीच्या धुरावर टांगायचं. हे काम उन्हाळ्यात, पावसाच्या आधी. गोव्यात ह्या बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. मडगावात मे महिन्याच्या अखेरीस पुरुमेंताचं फेस्तच भरतं. आपल्या कोकणातली आगोट ती हीच नाही का? सुकट, सोडे, बोंबील, आमसुलं भरून ठेवायची ती!

आणि आंटींनी सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं ते शेवटी. ‘आमचं चोरिस कच्चं कोणी खात नाही हां! कांदा-बटाटा घालून चांगलं शिजवतात, मगच पावाबरोबर.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सलामी न शिजवता खाता येते, ती त्या थंड तळघराच्या जोरावर. ते तळघर आपल्याकडे नाही. आपल्या पडवीत दुपारी तीस अंशांच्या पुढे पारा जातो. त्यामुळे टांगायची सलामी आपल्या घरात करायचीच नाही. नायट्राइटचं मीठ मिळवूनही करायची नाही. ते किलोभर मांसाला फक्त अडीच ग्रॅमच्या आसपास लागतं. जास्त पडलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच कमी होते. चुकून भाजीत पडलं, तर? मुलंबाळं असलेल्या स्वयंपाकघरात तो डबाच नको. आपण करायची ती शिजवलेली सलामी. तिला गुलाबी रंग येत नाही, महिनाभर टिकतही नाही. पण चव छान लागते आणि आपण निर्धास्त असतो. वन्सं आल्या तेव्हा मी हीच केली, पहिल्या खेपेला जरा भुसभुशीत झाली. आता चार-पाच वेळा करून माप बसलं आहे, ते देते.

वाफवलेली चिकन सलामी

साहित्य : कोंबडीचं बिनहाडाचं मांस (शक्यतो मांडीचं) अर्धा किलो, बिनमिठाचं गार लोणी ५० ग्रॅम, बर्फाचा चुरा ४ मोठे चमचे, दूध पावडर २ मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा, एका अंड्यातला पांढरा भाग, मीठ ९ ग्रॅम (दीड छोटा चमचा, सपाट), साखर अर्धा छोटा चमचा, लसणाच्या ८ पाकळ्या, मिरी दीड छोटा चमचा (अर्धी भरड, अर्धी पूड), जायफळ चिमूटभर, आवडत असल्यास भरड बडीशेप १ छोटा चमचा.

कृती : मांस धुऊ नका, नुसतं पुसून लहान तुकडे करा. धुतल्यानं जंतूंचे शिंतोडे ओट्यावर उडतात आणि मांसात पाणी राहतं. तुकडे, लोणी आणि मिक्सरचं भांडंसुद्धा अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. सगळी मेख ह्या गारव्यात आहे. वाटताना मिश्रण गरम झालं, की लोणी सुटतं आणि सलामी भुसभुशीत होते. माझी पहिली झाली ती ह्यामुळेच.

आधी मांस, मीठ आणि लसूण वाटा. मिक्सर सलग न फिरवता थांबून थांबून फिरवा. मग लोणी आणि बर्फाचा चुरा थोडा थोडा घाला. शेवटी भरड मिरी आणि बडीशेप सोडून बाकी सगळं घालून एकजीव करा. मिश्रण चिकट झालं पाहिजे. थोडं तळहाताला लावून हात उपडा करा. पडलं नाही, तर झालं. आता भरड मिरी आणि बडीशेप हातानं मिसळा. मीठ पाहायला कच्चं मिश्रण जिभेवर ठेवू नका. सुपारीएवढा गोळा तव्यावर भाजून पाहा.

बटर पेपरवर निम्मं मिश्रण घेऊन सुमारे दोन इंच जाडीची वळकटी करा. हवा राहू देऊ नका. वरून फॉइल घट्ट गुंडाळा आणि दोन्ही टोकं लिमलेटच्या गोळीसारखी पिळा. अशा दोन वळकट्या होतील. दोन तास फ्रिजमध्ये ठेवा.

मोदकपात्रात मंद आचेवर पंचेचाळीस मिनिटं वाफवा. (आमच्याकडे मोदकपात्राला मांस लावायची प्राज्ञा नाही! मी जुन्या पातेल्यावर चाळणी ठेवते.) स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर असेल, तर मधोमध खुपसून ७४ अंश आलेत का पाहा. नसेल, तर एक वळकटी मधोमध कापा. आत गुलाबी झाक नको आणि रस अगदी पांढरा, स्वच्छ हवा. शंका वाटली, तर आणखी दहा मिनिटं वाफ द्या. काही जणी रंगासाठी बिटाचा रस घालतात. पण मग शिजलं की कच्चं राहिलं, हे रंगावरून कळतच नाही. थर्मामीटर नसेल तर बीट नको.

उतरवल्याबरोबर वळकट्या फॉइलसकट बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, मग रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी धारदार सुरीनं पातळ चकत्या करा. गरम असताना कापाल, तर चुरा होईल.

एवढं लक्षात ठेवा

फ्रिजमध्ये तीन दिवस, त्याहून जास्त नाही. जास्त ठेवायची, तर अख्खी वळकटी फ्रीजरमध्ये टाका. महिनाभर चांगली राहते.

आपल्या उकाड्यात एका तासापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. म्हणजे चिरंजीवांची मूळ मागणी, शाळेचा डबा, तीच बाद झाली! त्यांची समजूत रविवारच्या न्याहारीवर घातली आहे.

दिवस गेलेल्या बायकांनी परदेशी पद्धतीची, न शिजवलेली सलामी खाऊ नये. परदेशी असलेल्या लेकीसुनांना हे आवर्जून कळवा.

विकतची सलामी-सॉसेजं मुलांना रोज देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०१५ साली असं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण होणाऱ्या गोष्टींत घातलं आहे. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. कधीमधी चार चकत्या खाल्ल्यानं कुणी घाबरून जायला नको. पण रोजच्या डब्यातली वस्तू ती नव्हे. आपल्या घरच्या सलामीतही मीठ आणि लोणी आहेच, तेव्हा तीही बेतानंच.

गेल्या रविवारी पुन्हा सलामी केली. चिरंजीव दोन्ही हातांनी सँडविच खात होते. सासूबाई आपल्या पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, ‘शिजवलीस ना गं नीट?’

‘हो, आई. मधोमध कापून बघितली.’

‘मग खाऊ दे,’ त्या म्हणाल्या.